आभाळाचा ताप आणि डोंगरावरचे दिवे

मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि माझ्या मोजमापात कुणी लुडबुड केलेली मला खपत नाही. घरातही नाही. साखरेच्या डब्यातला चमचा कुणी बदलला तरी मी तोंड वाजवते. कर्जतला कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळताना ही खोड फार उपयोगी पडली. त्या वर्षी मात्र तिच्यापायी जे झालं ते सांगताना मान खाली जाते. म्हणून आधीच सांगून टाकते: ही आठवण एका डोंगराची आणि त्याच्या पायथ्याशी वसलेल्या एकवीस घरांच्या वाडीची आहे, आणि त्यातलं सगळ्यात वरचं घर आमच्या मावशींचं होतं.

पळसदरी सोडून खोपोलीकडे निघालं की डाव्या हाताला डोंगराची रांग जवळ येते. भाताची खाचरं संपून चढ सुरू होतो तिथे, वाडीपासून थोडं बाजूला, एका शेतकऱ्याच्या भात न पिकणाऱ्या वरकस जमिनीवर, एका संशोधन संस्थेने दहा बाय बाराची पक्की खोली बांधली होती. छपराला मधोमध भोक, भोकावर पारदर्शक घुमट आणि घुमटाखाली आभाळाकडे तोंड करून बसवलेलं यंत्र. शेजारी एक कॅमेरा होता, तो सगळं आभाळ क्षितिजासकट एका चित्रात घ्यायचा. संस्थेची माणसं वर्षातून एकदा यायची आणि बाकी वेळ ईमेलवरून शेळ्या हाकायची. रोजची देखभाल मी हौसेने अंगावर घेतली होती. संध्याकाळी कॉलेज सुटलं की स्कूटरवरून जायचं, यंत्र चालू करायचं, आणि सकाळी परत जाऊन रात्रभराची नोंद घेऊन यायची.

यंत्र काय करायचं ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय माझी चूक कळणार नाही. जमिनीपासून पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटरवर हवेचा एक विरळ थर रात्रभर आपला आपण उजळत असतो. दिवसा उन्हाने तिथल्या रेणूंची जी मोडतोड होते, तिची जुळवाजुळव रात्री चालू राहते आणि त्यातून हा मंद उजेड निघतो. बराचसा डोळ्यांना दिसतही नाही. त्याला वर्णपटात फाकवलं की एकापुढे एक रेषा मिळतात. थर गार असेल तर अलीकडच्या रेषा ठळक आणि पलीकडच्या फिक्या. थर तापला की पलीकडच्यांना जोर चढतो. दोन्हींच्या उजेडाचं गुणोत्तर काढलं की तिथलं तापमान कळतं. तिथवर फुगा चढत नाही आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाही, त्यामुळे या रेषांवाचून दुसरा सोपा मार्ग नाही. मला या गोष्टीचं पहिल्या दिवशी जितकं नवल वाटलं तितकंच आजही वाटतं.

फक्त घुमटावर दव, धूळ किंवा कावळ्याची शीट असली की सगळं गणित फसतं. त्यासाठी संस्थेने मावशींना ठेवलं होतं. त्या वाडीतल्याच, नात्याने कुणी नव्हेत, सगळे म्हणायचे म्हणून मावशी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. रोज दिवस मावळायच्या आत शिडीवरून चढून, जुन्या लुगड्याच्या मऊ पडलेल्या तुकड्याने घुमट पुसायच्या आणि मग त्यावर तोंडाची वाफ सोडून बघायच्या. वाफ सारखी बसली तर काच स्वच्छ. कुठे चट्टा उठला तर पुन्हा पुसायची. ही युक्ती त्यांची स्वतःची. मी ती पुढे कॉलेजच्या भिंगांनाही लावली.

वाडीत माझी चेष्टा व्हायची. आभाळाचा ताप बघणारी बाई, असंच माझं नाव पडलं होतं. मावशी सकाळी रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "काय बाई, रातीचा किती व्हता ताप?"

"उणे ऐंशी."

"मंग मेलंच म्हनायचं की ते!" असं म्हणून स्वतःच खळखळून हसायच्या.

जानेवारीत तो ताप खरोखरच चढायला लागला. मध्यरात्रीपर्यंत आकडे नेहमीसारखे, आणि एक वाजून गेला की दहा, पंधरा, कधी वीस अंशांनी वर. पाचच्या सुमाराला पुन्हा खाली. मी हरखून गेले. वरच्या थरात खालून लाटा पोचतात आणि तापमान हेलकावे खातं, हे वाचलेलं होतं. आता ते आपल्या खोलीत, आपल्या यंत्रात दिसतंय असं वाटलं. पंधरा दिवस मी हवेतच होते. मग आकडे तारखांसमोर मांडले तेव्हा लक्षात आलं की रविवारी रात्री ताप नसतो. आभाळ घड्याळ बघून तापत नाही आणि रविवारची सुट्टीही घेत नाही. एवढं कळायला मला पंधरा दिवस लागले, याचा राग मी घरच्यांवर काढला.

कॅमेऱ्याची चित्रं उघडली. खोपोलीच्या बाजूला कारखान्यांमुळे आभाळ कायम शेंदरी असतं, ते तसंच होतं. पण ईशान्येच्या कोपऱ्यात, वाडीच्या वर, डोंगराच्या खांद्यावर पिवळट उजेडाचा फुगवटा होता. एक ते पाच. हॅलोजनचे दिवे. त्यांचा उजेड धुळीवरून पसरून यंत्रात शिरत होता आणि पलीकडच्या रेषांखालची जमीनच उचलत होता, म्हणून त्या उगाच ठळक भासत होत्या. ताप आभाळाला नव्हताच.

त्याच संध्याकाळी मावशींनी घुमट दोनदा पुसला. लुगड्याच्या तुकड्यावर पिठासारखी तांबडी धूळ आली होती. "रातीचं मशीन चालतंय वर," त्या म्हणाल्या. "पोकलेन हाय. डोंगर कापतात. बंगल्यांसाठी सपाट करतात म्हनं. आमच्या घराच्या बराबर डोक्यावर."

"हो, माहीत आहे," मी म्हणाले. "माझ्या नोंदीत येतंय ते."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आपल्याला आधीच कळलं याचं त्यांना कौतुक वाटलं. पुढे काहीतरी विचारायचं असतं हे मला सुचलंच नाही. पायथ्याच्या सपाटीकरणाची परवानगी त्या लोकांकडे होती, वरची नव्हती, आणि म्हणूनच वरचं काम रात्री चालायचं, हे वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मी मात्र घरी येऊन गणित दुरुस्त करायला बसले. कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये तो ईशान्येचा कोपरा काळा केला, म्हणजे तिथला उजेड हिशेबातच धरला जाणार नाही. जुनी चित्रं जागा अडवत होती ती पुसून टाकली. वहीत त्या त्या रात्रीपुढे लिहिलं: स्थानिक उजेड, वगळले.

पण कोपरा काळा करून धुळीवरचा उजेड थांबत नाही. आकडे पुन्हा चढत राहिले आणि माझं डोकंही. तीन हिवाळे सांभाळलेली नोंद कुणीतरी मातीत घालत होतं. फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी मी पदर खोचून वर गेले.

हिरव्या जाळीचं कुंपण, पत्र्याचं फाटक, दोन कुत्री. सुपरवायझर चांगला माणूस होता. खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. मागे डोंगराला तांबडी भिंत पडली होती, चार पुरुष उंच. तिच्या वरच्या काठावर झाडांची मुळं उघडी लोंबत होती. हे सगळं मी पाहिलं, आणि तरी बोलले ते दिव्यांबद्दल. माझ्या यंत्राबद्दल, वरच्या थराबद्दल, रेषांबद्दल त्याला वर्गात सांगावं तसं सांगितलं आणि म्हणाले, दिव्यांची तोंडं खाली करा, वरून आणि बाजूने पत्र्याची झाकणं लावा, उजेड कामापुरता जमिनीवर पडू दे. झाकणांची मापं आणि अंश घालून कागदावर चित्रही काढून दिलं.

त्याने क्षणभर विचार केला आणि हसला. "मॅडम, सायन्सचं काम हाय, आपन अडवनार नाय. टेन्शन नका घेऊ. उद्याच करतो."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी केलं. माझा स्वतःचा नवरा एक पंखा दुरुस्त करायला तीन आठवडे घेतो. मी होळीला त्या माणसाकडे पुरणपोळ्या पाठवल्या.

मार्चपासूनची नोंद आरशासारखी होती. संस्थेतून पत्र आलं: इतक्या स्वच्छ रात्री दुसऱ्या कुठल्याच ठिकाणाहून आल्या नाहीत, काय केलंत? मी फुशारून उत्तर लिहिलं की शेजाऱ्यांशी नीट बोललं की कामं होतात.

एप्रिलमध्ये मावशींचं लक्ष कामातून उडाल्यासारखं वाटू लागलं. एकदा मी त्यांना टोकलंही, की घुमटावर चट्टा राहिलाय. त्या शिडीवरून उतरल्या आणि म्हणाल्या, "बाई, घरात चला जरा."

कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं घर. आत अंधारात चुलीच्या मागून दारापर्यंत जमिनीला एक चीर गेली होती. बोट आत जाईल एवढी. तिच्या दोन्ही बाजूंनी नव्या सारवणाचा वेगळा रंग दिसत होता. "तीनदा बुजवली," त्या म्हणाल्या. "तीनदा उघडली. आनि झऱ्याचं पानी तांबडं येतंय, पाऊस नाय का काय नाय." त्यांची सासू कोपऱ्यात बसली होती. म्हातारीने मला हात धरून खाली बसवलं आणि माझा तळवा त्या चिरेवर ठेवला. आतून गार हवा येत होती.

वाडीने अर्ज दिला होता, दोनदा. दिवसा पाहणीला कुणी आलं की वरची माणसं म्हणायची, हे जुनंच खोदकाम, परवानगीतलं. काम थांबवायचा हुकूम निघायचा तर रात्री यंत्र चालू असताना सापडायला हवं होतं. तिसऱ्या अर्जावर मीही सही केली आणि ओळखीने खटपट करून एका मंडळ अधिकाऱ्यांना रात्री यायला लावलं. पावसाआधी हुकूम निघाला तर भिंतीला पायऱ्या पाडता येतील, पाण्याला वाट काढता येईल, असं मी मावशींना मोठ्या तोंडाने सांगितलं होतं.

मे महिन्यातली अमावस्येजवळची रात्र होती. अधिकारी, त्यांचा ड्रायव्हर, मी, मावशी आणि वाडीतले सात-आठ जण खालच्या रस्त्यावर उभे होतो. एक वाजून गेला. वरून घरघर ऐकू यायला लागली.

"ऐका साहेब, चालू झालं," मावशी म्हणाल्या.

साहेब ऐकत होते आणि बघत होते. डोंगर काळाकुट्ट. कुठे ठिपका नाही. "आवाज घाटातल्या ट्रकांचाही असू शकतो," ते म्हणाले. "नाहीतर पलीकडच्या खडीच्या मशीनचा. डोंगरात आवाज फिरतो."

"साहेब, वर चला ना, दावतो," वाडीतला एक जण म्हणाला.

"या अंधारात? फाटकाला कुलूप, कुत्री सोडलेली. उजेड दिसला असता तर पोलीस घेऊन चढलो असतो. मावशी, काम चालू असेल तर दिवे नकोत का? अंधारात कोण डोंगर कापतो?"

मी तिथेच उभी होते. त्या झाकणांचं माप कुणी सांगितलं होतं, तोंडं किती अंशात खाली करायची हे कागदावर कुणी काढून दिलं होतं, हे त्या रस्त्यावर फक्त मला ठाऊक होतं. तोंड उघडलं पण शब्द फुटेना. खरं सांगायचं तर फुटेना असं नाही. मी बोलले नाही. साहेबांसमोर, वाडीसमोर, मला लाज वाटली. जीप वळली आणि गेली. दोन दिवसांनी अहवाल आला: रात्री काम चालू असल्याचे आढळले नाही.

घरी येऊन मी सगळी चित्रं धुंडाळली. फेब्रुवारीपासून प्रत्येक चित्रात ईशान्येचा कोपरा काळा, माझ्याच हाताने. त्याआधीची पुसलेली. उरली होती फक्त वही आणि तिच्यातली ती ओळ, रात्रीमागून रात्र. ती वाचताना मला स्वतःच्या अक्षराची किळस आली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मावशींना खोलीच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं. दिवे झाकायला मी सांगितलं होतं. माझ्या मोजणीसाठी. होळीच्या पोळ्यांपर्यंत सगळं सांगितलं. त्या ओरडतील, रडतील, उठून जातील, असं मला वाटलं होतं आणि त्यासाठी मी मनाची तयारी केली होती. त्यांनी तसलं काहीच केलं नाही. बराच वेळ त्या हातातल्या तुकड्याची घडी घालत राहिल्या, मोडत राहिल्या.

"आमी तीन अर्ज दिले," मग त्या म्हणाल्या. "तुमी निस्तं तोंडानं सांगितलंत, आनि दुसऱ्याच दिशी झालं?"

"हो."

"मंग जा ना, बाई. सांगा त्यांना, डोंगर ऱ्हाऊ द्या. तुमचं ऐकतात ते."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. फाटक उघडं होतं. पोकलेन ट्रेलरवर चढवत होते, दिवे झाकणांसकट टेंपोत रचलेले होते. सुपरवायझरने हात जोडले. "काम संपलं, मॅडम. पावसाआधी संपवायचं व्हतं, संपलं. आता तुमच्या आभाळाला काय त्रास नाय."

भिंत आता फेब्रुवारीच्या दुप्पट उंच होती आणि तिच्या माथ्यापासून दहा पावलांवर जमिनीला तडा गेला होता, गवतातून सरळ वाडीच्या रुंदीला समांतर. मी चिडले, आवाज चढवला, भिंतीला आधार द्या, पाण्याला चर खणा, असं बरंच बोलले. तो ऐकून घेत राहिला. कंपनीला सांगतो म्हणाला. ट्रेलर घरघरत खाली गेला आणि मी त्या भिंतीसमोर एकटी उरले. कुठूनतरी खडे गळत होते. वारा नव्हता, माणूस नव्हतं, तरी गळत होते. मी जवळजवळ पळतच खाली आले.

मावशींना म्हटलं, "नाही ऐकलं."

त्यांनी मान हलवली आणि त्याच दिवशी आवराआवर सुरू केली. वाडीतल्या पुरुषांनी त्यांना वेड्यात काढलं. आजे-पणजे इथे राहिले, डोंगर आपला हाय, असं म्हणाले. पण मावशी दारोदार फिरल्या, एकेकीचा हात धरून आपल्या घरातल्या चिरेवर ठेवला. जूनच्या मध्यापर्यंत वरची नऊ घरं रिकामी झाली. काही माणसं शाळेत गेली, काही नातेवाइकांकडे शेलूला. मावशींचं कुटुंब आणि आणखी एक, अशी अकरा माणसं मी यंत्राच्या खोलीत घेतली. पावसाळ्यात यंत्र तसंही बंद असतं. मी ते उचलून घरी आणलं. संस्थेला कळवलं नाही. खालची बारा घरं हलली नाहीत.

त्यानंतरचे पाच आठवडे कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. वर्गात फळ्याकडे तोंड असलं तरी कान पावसाकडे. रात्री पाऊस वाढला की उठून बसायचं. सकाळी फोन करायचा, मावशी म्हणायच्या, "हाय, हाय, उभा हाय अजून." त्यांच्या आवाजात पूर्वीचं हसू नसायचं.

जुलैत एका गुरुवारी दुपारी अडीचला डोंगर खाली आला. एकाच वेळी, पूर्ण. वरची नऊ घरं गेली. मावशींच्या घराची जागाही दाखवता येत नाही, सगळीकडे सारखाच तांबडा चिखल. खालच्या बारांपैकी दोन घरं त्याने गाठली. लोक लावणीला शेतावर होते. पण म्हातारी त्या सकाळी खोलीतून निघून, कुणाला न सांगता, आपली कोंबडी बघायला वर गेली होती. मावशींची सासू. जिने माझा हात त्या चिरेवर ठेवला होता. ती दोन दिवसांनी सापडली.

पंचनाम्याच्या दिवशी शाळेच्या वर्गात टेबल मांडलं होतं. एकेकाचा जबाब चालला होता. माझी पाळी आली तेव्हा मी वही पुढे ठेवली, कोणकोणत्या रात्री दिवे होते ते दाखवलं, आणि म्हटलं, मार्चपासून ते का दिसेनासे झाले तेही लिहून घ्या. झाकणं मी लावायला सांगितली. त्यांचं चित्रही मीच काढून दिलं.

कारकून थांबला. वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढाच. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे कशाला लिहायचं? याची काही गरज नाही. तुम्ही मदत करणारी माणसं, तुमचं नाव कशाला अडकवताय यात?"

मावशी माझ्या मागे, आपल्या पाळीची वाट बघत उभ्या होत्या. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी त्यांच्याकडून सुटका मागत होते. त्यांनी नको म्हणून नुसती मान हलवली असती तर मी वही मिटली असती, आणि आयुष्यभर स्वतःला सांगितलं असतं की मी तर बोलले होते.

"लिवा," त्या कारकुनाला म्हणाल्या. "सगळं लिवा. बाई सांगतील तसं."

त्याने नवा कागद घेतला आणि मी जानेवारीपासून सांगायला सुरुवात केली.